डॉक्टर सेर्वेरांच्या दारी मागणी

“विषय बदला,” डॉक्टर सेर्वेरा म्हणाले, “नाही तर विमान पकडा.”

स्वतःच्या विनोदावर ते छान हसले आणि माझ्या प्रबंधाचा आराखडा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आत एकही खूण नव्हती. म्हणजे पहिलं पान उलटलंही नव्हतं.

“डॉक्टर, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय,” मी म्हणाले. “युसेबियाच्या गावात, तिच्या चुलतभावासाठी मुलगी मागायला घरचे गेले होते तेव्हा. मध्यस्थ म्हातारा उभा राहिला आणि दम न घेता बोलत राहिला. तुम्ही आम्हाला हस्तलिखितांतून शिकवता ना वडीलधाऱ्यांची भाषणं, अगदी तशीच...”

“तशीच नाहीत. तुम्हाला तसा भास झाला. ती परंपरा तीनशे वर्षांपूर्वी संपली. मी त्यावर पुस्तक लिहिलंय.”

“पण तुम्ही त्या गावाला गेलाच नाहीत.”

हे वाक्य मी गिळायला हवं होतं. पण गिळायची कला मला कधी साधली नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

“सेन्योरिता इंगोले, तुम्ही फार लांबून आलात, म्हणून समजावून सांगतो. त्या गावांमध्ये आता उरली आहे ती बोली. मोडकीतोडकी. आपण इथं भाषा शिकतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हेच वाक्य, ह्याच शांत आवाजात, मी आधीही ऐकलं होतं. मी दर्यापूरची. अमरावती जिल्हा. स्पॅनिश शिकायला पुण्याला आले तेव्हा पहिल्याच दिवशी “मले समजलं नाई” म्हणाले, आणि वर्ग हसला, आणि शिकवणाऱ्या बाई प्रेमानं म्हणाल्या, “अगं, ही बोली झाली. भाषा बोल.” त्या दिवशी मी खोलीवर जाऊन रडले होते. इथं रडायचा प्रश्नच नव्हता. इथं मला चावावंसं वाटत होतं.

“महिनाअखेरपर्यंत मंजूर विषय नसेल तर शिष्यवृत्ती थांबते, हे तुम्हाला माहीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “हस्तलिखितांतला कुठलाही विषय घ्या. मी आजच सही करतो.”

“विचार करते,” असं म्हणून मी बाहेर पडले आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाउआत्ल ही मेक्सिकोची जुनी भाषा. स्पॅनिश लोक येण्याआधी साम्राज्याची, आणि आज डोंगराखोऱ्यांतल्या लाखो माणसांची. तिच्यावर एम. ए. करायला मी शिष्यवृत्तीवर तिकडच्या एका विद्यापीठात गेले होते. गावी आईला वाटायचं मी अमेरिकेत आहे, आणि मीही तिला फार दुरुस्त केलं नव्हतं. विभागाचं नाव होतं ‘नाउआत्ल भाषा आणि संस्कृती’. शिकवायचे मात्र सगळं स्पॅनिशमधून. नाउआत्ल असायची फळ्यावर, झेरॉक्समध्ये आणि डॉक्टर सेर्वेरांच्या तोंडी. ते ती अशी म्हणायचे की वर्गात उदबत्ती लावली आहे असं वाटावं.

त्या वर्गात जिच्या घरी ही भाषा रोज बोलली जायची अशी एकच मुलगी होती, युसेबिया. निदान आम्हाला एकच माहीत होती. वेराक्रूस राज्यातल्या डोंगरातली, गावात शाळामास्तरीण, रजा घेऊन शिकायला आलेली. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि भुवया अशा की ती नुसती बघत असली तरी समोरच्याला जाब विचारल्यासारखं वाटावं. ती मोठ्यानं वाचायला लागली की डॉक्टर दर ओळीला पेन्सिल टेबलावर वाजवायचे. टक. “असं नाही, युसेबिया. जुन्या ग्रंथांत असं म्हणत नाहीत.” टक. “हा तुमच्या गावचा उच्चार.” टक. पहिल्या सत्राअखेर युसेबियानं वर्गात वाचणंच सोडलं. घरी, म्हणजे आमच्या भाड्याच्या खोलीत, ती माझ्याशी तिच्याच भाषेत बोलायची आणि मी स्पॅनिशमध्ये उत्तरं देत देत शिकायचे. विभागात दोन वर्षं मी काय शिकले ते प्रमाणपत्रात लिहिलंय. खरं काय शिकले ते त्या खोलीत, कपडे वाळत घालता घालता.

इथं एक सांगून ठेवते. ह्या गोष्टीत स्पॅनिशमधलं बोलणं मी पुस्तकी मराठीत लिहिलं आहे. युसेबियाची नाउआत्ल मात्र आमच्या वऱ्हाडीत लिहिते. मला ती तशीच ऐकू आली, आणि ह्याबाबत मी कुणाचंही ऐकणार नाही.

तर त्या दिवशी मी खोलीवर आले आणि पिशवी कॉटवर आपटली. युसेबिया गावच्या रीतीनं भाकरीसाठी चुन्यात मका उकडत होती. चुन्याच्या पाण्याचा वास सगळीकडे भरला होता.

“काय झालं वं माला?”

जयमाला हे माझं नाव. स्पॅनिशमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट बाई, म्हणून ते तिला फार आवडायचं.

“नाही म्हणाला. झालं. संपलं. आता मी विमान पकडते.”

“कितीदा इचारलं?”

“कितीदा म्हणजे? एकदा.”

तिनं झारा भांड्यात सोडला आणि माझ्याकडे वळली.

“एकदाच? आनि कोनं इचारलं?”

“मीच. दुसरं कोण विचारणार?”

“सोताच्या तोंडानं? सोतासाठी?” ती खरोखर हादरली होती. “बापा! मंग तो नाई म्हनन नाई तं काय करन?”

मग तिनं मला बसवलं आणि मी तिच्या गावात जे पाहिलं होतं त्याची पुढची-मागची बाजू सांगितली. मी तिथं गेले होते ती तिसरी फेरी होती. आधीच्या दोन फेऱ्या मला माहीतच नव्हत्या. तिच्या गावात कुणीही स्वतःसाठी काही मागत नाही. मुलगी असो, जमीन असो, बारशाला मुलाचे धर्माचे आईबाप व्हा म्हणणं असो. मागणारा दुसरा असतो, आणि ज्याच्यासाठी मागायचं तो नुसता शेजारी मान खाली घालून बसतो. मागणारा बोलत असताना घरच्यानं मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोलणं म्हणजे पाहुण्याला धक्के मारून हाकलणं. पहिल्या फेरीला ‘नाही’ म्हणायचं. दुसऱ्या फेरीलाही ‘नाही’ म्हणायचं. लगेच ‘हो’ म्हणाला तर त्याचा अर्थ, ह्याला आपली मुलगी नकोशी झाली होती. प्रत्येक फेरीला पावांची परडी न्यायची आणि ‘नाही’ ऐकूनही तिथंच ठेवून यायची. तिसऱ्या फेरीला घरच्यानं पाव मोडला तर ‘हो’. परडी परत हातात दिली तर ‘नाही’. कायमचं.

“ते गावात,” मी म्हणाले. “हा डॉक्टर आहे, युसेबिया. त्याला कुठं हे...”

“त्याले सगयं मालूम हाय. त्याच्या हस्तलिखितात हेच हाय. तोच तं शिकोते आपल्याले.” तिनं मक्यावर झाकण ठेवलं. “मी मागतो तुह्यासाठी. पन एक सांगून ठेवतो. तू बोलाचं नाई. मान खाली. एक शब्द जरी काढला ना, तं मी तुले तिथंच सोडून देईन.”

“तुझी परीक्षा अजून त्याच्याच हातात आहे,” मी म्हणाले.

“हाव,” ती म्हणाली, “मालूम हाय.”

विभागात प्रबंधाचे मार्गदर्शक व्हायला आणखी तीन-चार जण पात्र होते, हेही इथं सांगायला हवं. पण डॉक्टर सेर्वेरांनी झिडकारलेला विषय हातात घ्यायची कुणाची टाप नव्हती. बहुतेकांच्या नेमणुका दरवर्षी त्यांच्याच सहीनं वाढायच्या. इथंच घोडं पेंड खात होतं.

पहिल्या फेरीला आम्ही सोमवारी सकाळी गेलो. युसेबियानं बाजारातून अंड्याचे गोड पाव घेतले होते, दोन मेणबत्त्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली उसाच्या दारूची बाटली. विद्यापीठाच्या फाटकातून दारू नेताना मला घाम फुटला. तिनं अंगावर गावाकडचा भरतकामाचा पांढरा ब्लाउज घातला होता. तो तिनं ह्या शहरात आजवर कधी घातला नव्हता.

डॉक्टरांनी वर पाहिलं. “काय आहे हे?”

युसेबियानं परडी टेबलावर, त्यांच्या कागदांवरच ठेवली. खुर्ची ओढून मला बसवलं. स्वतः उभी राहिली, हात पुढ्यात जुळवले आणि सुरू झाली.

“बसाले जागा देल्ली, तुमचं भलं हो. आमी काई मोठ्या घरचे नाई. आमची जीभ जाडीभरडी, आमचे शब्द रस्त्यावरच्या धुयीतले. पन धूय बी कोनाच्या तरी पायाले लागूनच घरात येते, तशे आमी आलो...”

“युसेबिया, स्पॅनिशमध्ये,” डॉक्टर म्हणाले.

ती थांबली नाही. तिनं ऐकलंच नाही असं नव्हे. तिनं ते ऐकलं, बाजूला ठेवलं आणि पुढं गेली. आणि मी माझ्या गुडघ्यांकडे बघत असताना मला पेन्सिलचा आवाज आला. टक. मग थोड्या वेळानं आणखी एक, पण अर्धवट. त्यानंतर आवाज आला नाही.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पेन्सिल हवेत होती. डॉक्टर तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते. कुठली तरी जोडी त्यांना लागली होती. धूळ आणि पाय. चूल आणि रात्र. हे जोडीजोडीनं चालणारे शब्द त्यांनी आयुष्यभर वाळवीनं खाल्लेल्या कागदांतून वेचले होते, आणि आता ते त्यांच्याच खोलीत, उभ्या बाईच्या तोंडून, बाजाराच्या उच्चारात येत होते.

युसेबियाचं बोलून झालं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले, स्पॅनिशमध्ये, घसा खाकरून. “माझा निर्णय मी दिलेला आहे. आणि ती बाटली इथून उचला.”

आम्ही वाकून नमस्कार केला आणि सगळं तिथंच ठेवून बाहेर आलो. जिना उतरताना मला रडू येत होतं आणि युसेबिया गुणगुणत होती.

“नाही म्हणाला,” मी म्हणाले.

“मंग? पयल्याच खेपेले हो म्हनला असता तं मले आवडलं नसतं.”

पुढच्या सोमवारी दुसरी फेरी. परडी आधीच्या परडीशेजारी ठेवली. जुने पाव कोरडे पडले होते, पण हलवले नव्हते. हे युसेबियानं पाहिलं आणि मीही पाहिलं. ह्या वेळी तिचं भाषण लांबलं. तिनं माझ्या आईवडिलांबद्दल सांगितलं, ज्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. समुद्रापलीकडल्या काळ्या मातीबद्दल सांगितलं. ही पोरगी तिखट खाते पण तिच्या पोटात कपट नाही, असं सांगितलं. मी मान खाली घालून दातांनी ओठ धरून बसले होते, कारण मला हसू येत होतं आणि रडूही. माझ्यासाठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. माझं जे काही झालं ते मी भांडून मिळवलेलं. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी उभं राहून शब्द टाकायचे आणि आपण गप्प बसायचं, हे भांडण्यापेक्षा फार कठीण आहे.

ती थांबली. आणि डॉक्टर सेर्वेरा उभे राहिले. कोटाची बटणं लावली. आणि बोलले, नाउआत्लमध्ये. हस्तलिखितातल्या, ग्रंथांतल्या नाउआत्लमध्ये. मला ते असं ऐकू आलं:

“आपण मार्ग चुकलेत. या गृहीं मागण्याजोगें कांहींच नाहीं. आमचें धान्य किडलेलें, आमची चूल विझलेली. अन्यत्र जावें, अन्यत्र शोधावें.”

शब्द न् शब्द बरोबर होता. गावातल्या मुलीचा बाप आधीच्या फेऱ्यांना असंच काहीसं म्हणाला होता, असं युसेबियानं सांगितलं होतं. युसेबियाच्या भुवया वर गेल्या. तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं.

“नाई म्हनाले!” व्हरांड्यात येताच ती कुजबुजली. “लय चांगलं ‘नाई’ म्हनाले! आयकलं ना तू?”

“म्हणजे पुढच्या वेळी...”

“ते मले नाई मालूम.” मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, “पन आज पूरं भाषन झालं माहं. सुरूपासून शेवटपर्यंत. मधात एकदा बी टोकलं नाई त्यानं. दोन वर्सांत पयल्यांदा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्याकडे वळले.

“युसेबिया, हे तू माझ्या प्रबंधासाठी करतेयस की त्याला ऐकवायला?”

“तुह्यासाठी मागून रायली,” ती म्हणाली. “आनि त्याले आयकवून रायली. एका परडीत दोन पाव नसते का?”

मी चिडायला हवं होतं. माझी शिष्यवृत्ती पणाला लागली होती. पण मला पुण्यातला तो वर्ग आठवला आणि वाटलं, ऐकव बाई. जेवढं ऐकवायचं तेवढं ऐकव.

तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांच्या खोलीचं दार आधीच उघडं होतं. टेबल आवरलेलं. आमच्या दोन्ही परड्या, दारू आणि मेणबत्त्या कपाटावर ठेवलेल्या. टेबलाच्या मधोमध टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्याशेजारी, हातात वही घेऊन, ओफेलिया मॅडम बसल्या होत्या.

ओफेलिया मॅडम जुन्या हस्ताक्षरांचं वाचन शिकवायच्या. तिशीच्या पुढच्या, गरम दिवसांतही करडा कोट घालणाऱ्या, आणि स्पॅनिश इतकं घासूनपुसून बोलणाऱ्या की बाजारात भाजीवाले त्यांना राजधानीच्या समजून भाव वाढवून सांगायचे. विभागातला डॉक्टरांचा उजवा हात. हंगामी नेमणूक, दरवर्षी वाढवून घ्यावी लागणारी. कधी कुणाशी दोन शब्द जास्त बोलल्या नाहीत.

“मॅडम नोंदी घेतील,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “सुरू करा, युसेबिया.” आणि त्यांनी रेकॉर्डरचं बटण दाबलं.

युसेबिया क्षणभर त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आता परत फिरणार. पण तिनं परडी ठेवली, मला बसवलं आणि हात जुळवले. तिसऱ्या फेरीचं भाषण छोटं असतं. जे सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असतं.

“दोनदा आलो, दोनदा तुमी खाली हातानं धाडलं. आमाले राग नाई आला. ज्याच्या घरी काई असते तोच नाई म्हनते. आता तिसऱ्यानं तुमच्या उंबरठ्यावर आलो. ह्या पोरीनं जे कानानं आयकलं ते तिले लिहाचं हाय. तिच्या डोक्यावर हात ठेवा. पाव गरम हाय, तुमचा हात जवळ हाय.”

संपलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. डॉक्टरांचा हात मला दिसत होता. तो परडीकडे गेला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अप्रतिम!” स्पॅनिशमध्ये. “अप्रतिम, युसेबिया. मी मान्य करतो, मला ही अपेक्षा नव्हती. ह्या परंपरेचा एक अवशेष उरलाय आणि तो माझ्याच विभागात सापडला! मी गेले आठ दिवस दुसरा विचार केलेला नाही. ऐका. विषय मंजूर. तुम्ही करा हा प्रबंध. माझ्या मार्गदर्शनाखाली. आधी एक लेख काढू, माझं नाव आणि तुमचं नाव, दोन्ही. पुढं तुम्हाला इथंच नोकरी मिळेल, हे मी बघतो.”

“आणि माला?” युसेबियानं विचारलं. तिनंही आता स्पॅनिशमध्ये.

“सेन्योरिता इंगोले दुसरा विषय घेतील. त्यांचा ह्या भाषेशी तसा काय संबंध? तुम्ही तर तिच्यात जन्मलात.”

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी राग आला नाही. आधी वाटलं, घे. ही भाषा तुझी, गाव तुझं, भाषण तुझं. मी काय, मी परत जाईन. दर्यापूरला माझ्यावाचून काही अडलेलं नाही, पण मी गेले तर कुणी हाकलणारही नाही. मी मान वर केली आणि तोंड उघडलं. युसेबियानं माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि असा दाबला की तोंड आपोआप मिटलं.

“आमच्याकडे,” ती डॉक्टरांना म्हणाली, “मागायला गेलेल्या माणसाला घरचा म्हणाला, की ज्याच्यासाठी मागतोस त्याला राहू दे, मुलगी तूच कर, तर काय म्हणतात माहीत आहे?”

“हे पाहा, युसेबिया...”

“काही म्हणत नाहीत. त्याला शब्दच नाही. कारण असं कुणी कधी केलेलं नाही.”

तिनं परडी उचलली. आजची, गरम पावांची. कपाटावरच्या दोन्ही तशाच राहू दिल्या. मागणाऱ्यानं स्वतः परडी परत घेणं ही गोष्ट तिच्या गावात होत नाही. ते घर मागण्याच्या लायकीचं राहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना तो अर्थ कळला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

“तुमची शेवटची परीक्षा माझ्याकडे आहे,” ते म्हणाले, हळू आवाजात.

“माहीत आहे.”

“आणि ही बाहेर गेली तर तिची शिष्यवृत्ती गेली.”

“तेही माहीत आहे,” हे मी म्हणाले. गप्प राहायची शपथ संपली होती. मी उभी राहिले. दाराकडे निघाले. इतकं स्वच्छ, हलकं मला त्या देशात कधी वाटलं नव्हतं. विमान तर विमान. ह्या माणसाच्या सहीनं शिकण्यापेक्षा मी दर्यापूरच्या स्टँडवर केळी विकेन.

मागून खट् असा आवाज आला. रेकॉर्डरचं बटण.

“थांब वं,” कुणीतरी म्हणालं. “ते कुठी नेऊन रायली? ठेव इकडे.”

युसेबिया दारातच थबकली. मी तिच्यावर आदळले. आम्हा दोघींनाही कळेना कोण बोललं. खोलीत तर कुणीच नव्हतं जे असं बोलेल. आवाज खालच्या पट्टीतला होता, किंचित गंजलेला, आणि उच्चार युसेबियाच्या गावचा नव्हता. पलीकडच्या कुठल्या तरी डोंगराचा. पण भाषा तीच होती.

ओफेलिया मॅडम उभ्या होत्या. वही मिटून टेबलावर ठेवलेली. करड्या कोटाची बटणं त्या एकेक करून काढत होत्या.

“ह्या घरात एकच मानूस राह्यते का?” त्या युसेबियाला म्हणाल्या. “मी बी पोराइले शिकवतो. माह्या बी सहीनं चालते. मले माग.”

“ओफेलिया,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही... तुम्हाला हे कुठून...?”

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलंही नाही. त्या युसेबियाकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती.

युसेबिया पुढं आली, परडी ओफेलिया मॅडमच्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाली, “माय, आमी तिसऱ्यानं आलो.”

“आयकलं म्या. तिन्ही डाव आयकलं. भिंतीपलीकडे बसतो मी.”

त्यांनी एक पाव घेतला आणि मोडला. चुरा सोळाव्या शतकातल्या हस्तलिखिताच्या झेरॉक्सवर सांडला. अर्धा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला, अर्धा तोंडात घातला, आणि डॉक्टर सेर्वेरांच्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

“मॅडम, हे काय चाललंय?” डॉक्टरांचा आवाज चढला. “तुमची नेमणूक पुढच्या महिन्यात माझ्यासमोर येणार आहे. मला उत्तर हवंय. आत्ता. स्पॅनिशमध्ये.”

ओफेलिया मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं, सावकाश चावून घास गिळला, आणि स्वतःच्याच भाषेत म्हणाल्या,

“आमच्याकडे कोनी खात असलं तं मधात बोलत नाई.”